चाकाला हात लावू देणारी तपासणी

गाडीच्या स्टिअरिंगची झीज तपासून घेण्यासाठी मी ज्या सेवेकडे गेलो, ती सेवा सुटे भाग विकत नाही आणि दुरुस्तीही करत नाही, हे आधीच सांगितलेले बरे, कारण मला तिथे जे आवडले त्यातले बरेचसे या एका गोष्टीमुळे शक्य झाले असावे. तिथे गाडी तपासतात, जे झिजले आहे ते मालकाला दाखवतात, लेखी अहवाल देतात आणि दुरुस्ती कुठे करून घ्यायची ते मालकावर सोडतात. मी तिथे दोनदा गेलो: पहिल्यांदा दोष शोधण्यासाठी आणि नंतर, अन्यत्र केलेली दुरुस्ती नीट झाली आहे की नाही, हे पाहण्यासाठी. पुढचे परीक्षण या दोन्ही खेपांवर आधारलेले आहे.

माझी गाडी अकरा वर्षांची आहे आणि तिचे 1,20,000 किलोमीटर पूर्ण झाले आहेत. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे (छोटे दातेरी चाक फिरवून दातेरी दांडा, म्हणजे रॅक, आडवा सरकवणारे) आणि त्याला विजेच्या मोटरची मदत, अशी अगदी सर्वसाधारण रचना आहे. तक्रारी तीन होत्या. लहान खड्ड्यांवरून हळू जाताना पुढून उजवीकडून ‘टक टक’ असा कोरडा आवाज येई. सरळ रस्त्यावरही स्टिअरिंगला सतत थोडे थोडे इकडेतिकडे करावे लागे. आणि पुढच्या उजव्या टायरवर करवतीसारखी झीज दिसू लागली होती. ही झीज डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळते. टायरच्या रुंदीवरून तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतो, उलट दिशेने फिरवला तर रबराच्या कडा बोचतात. चाकाचा टो, म्हणजे वरून पाहिले असता पुढची चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे प्रमाण, बिघडल्याची ही जुनी खूण आहे.

त्याआधी एका गॅरेजने चार महिन्यांत दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर जुळवण्याचे काम, करून दिले होते. दोन्ही वेळा छापील कागदावर सगळे आकडे हिरव्या रंगात आले, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत गाडी पुन्हा भरकटू लागली. दुसऱ्या खेपेस तिथल्या मेकॅनिकने गाडीच्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंग जरा हलवले, ‘प्ले नाही’, म्हणजे मोकळी चाल नाही, असा निर्वाळा दिला आणि तरीही दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड (रॅकपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या बाहेरच्या टोकाचे सांधे) बदलण्याचा सल्ला दिला. प्ले नसेल तर टाय रॉड एंड कशासाठी बदलायचे, हा प्रश्न मी विचारला. त्याचे उत्तर ‘एवढ्या किलोमीटरला बदलतातच’ असे मिळाले. किलोमीटरचा आकडा बघून टायमिंग बेल्ट बदलतात, हे मला मान्य आहे. पण बॉल जॉइंट (खोबणीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) किंवा टाय रॉड एंड ही तपासून बदलायची वस्तू आहे, आणि तपासणी तर झालीच नव्हती.

या पार्श्वभूमीवर नव्या ठिकाणची पहिली दहा मिनिटे मला विशेष वाटली, कारण त्या दहा मिनिटांत गाडीला कोणी हातच लावला नाही. तपासनीसांनी प्रश्न विचारले. आवाज गाडी चालू असतानाच येतो की उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावरही येतो. ब्रेक दाबल्यावर तो वाढतो का. थरथर आहे का, असल्यास कोणत्या वेगाला. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते की हाताने आणावे लागते. मी जुन्या अलाइनमेंटचे दोन्ही कागद सोबत नेले होते. ते त्यांनी शेजारी शेजारी ठेवले आणि हिरव्या आकड्यांकडे न पाहता ‘दुरुस्तीपूर्वी’च्या रकान्याकडे बोट दाखवले. दोन्ही खेपांना उजव्या चाकाचाच टो बदललेला आढळला होता, डाव्याचा जवळपास जागेवर होता. जे चाक आपला कोन धरून ठेवत नाही, त्याच्या मार्गात कुठेतरी सांधा ढिला झालेला असण्याची शक्यता मोठी, असे ते म्हणाले. ही गोष्ट त्या कागदांवर चार महिने छापलेली होती आणि ती कोणी वाचली नव्हती, मीही नव्हती.

प्रश्नांनंतर छोटी चाचणी फेरी झाली. ती फार छोटी होती, याची नोंद मी तक्रार म्हणून करतो. जेमतेम सात-आठ मिनिटांत खड्ड्यांवरचा आवाज ऐकू आला, पण गाडी जास्त वेगात कशी वागते हे पाहिलेच गेले नाही. स्टिअरिंगमधील थरथर ताशी 80 ते 100 किलोमीटरच्या आसपास जाणवत असेल तर बहुतेकदा चाकांचे बॅलन्सिंग बिघडलेले असते, आणि ती फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर संशय ब्रेक डिस्कवर जातो. माझ्या गाडीला थरथर नव्हती म्हणून नुकसान झाले नाही. पण ज्याच्या गाडीला आहे त्याने लांब फेरीचा आग्रह धरावा.

त्यानंतर गाडी सपाट जमिनीवर, चाके सरळ ठेवून, इंजिन चालू ठेवून उभी केली गेली. स्टिअरिंग व्हीलच्या कडेवर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला, समोर डॅशबोर्डवर एक पट्टी टेकवली आणि पुढचे चाक हलू लागेपर्यंत स्टिअरिंग व्हील किती मोकळे फिरते ते मोजले. मोजमाप 11 मिलिमीटर आले. अनेक कारांच्या दुरुस्ती-पुस्तिकांमध्ये या मोकळ्या चालीची वरची मर्यादा 30 मिलिमीटर दिलेली असते. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीचा दंडक अधिक कडक आहे. तिथे 380 मिलिमीटर व्यासाच्या स्टिअरिंग व्हीलसाठी रॅक-पिनियन रचनेत 13 मिलिमीटर ही मर्यादा धरतात, तर जुन्या धाटणीच्या स्टिअरिंग बॉक्सला 75 मिलिमीटरपर्यंत सवलत देतात. कोणताही दंडक लावला तरी माझी गाडी उत्तीर्ण होत होती, म्हणजे आधीच्या मेकॅनिकचे ‘प्ले नाही’ हे वाक्य एका अर्थी खरे होते.

इथेच मला या सेवेचे मोल कळले. स्टिअरिंग व्हीलवर जाणवणारी मोकळी चाल ही दोन्ही चाकांची मिळून जाणवते. एका बाजूचा सांधा ढिला झाला आणि दुसऱ्या बाजूचा घट्ट राहिला, तर घट्ट बाजूचे चाक लगेच प्रतिसाद देते आणि हाताला वाटते की सगळे जागेवर आहे. तपासनीसांनी हे एका वाक्यात सांगितले, पण ते ऐकून पटण्यापेक्षा पुढे जे झाले त्याने पटले. स्टिअरिंग व्हीलवरच्या मोजमापातून इतकेच कळते की कुठेतरी फार मोठी ढिलाई नाही. कोणता सांधा कसा आहे हे त्या सांध्याला हात लावल्याशिवाय कळत नाही.

यानंतर गाडी चार खांबी लिफ्टवर घेतली. हा लिफ्ट चाकांना आधार देतो, त्यामुळे गाडीचा भार चाकांवरच राहतो आणि माणूस खाली उभा राहून सगळे सांधे पाहू शकतो. एका सहायकाला गाडीत बसवून इंजिन चालू ठेवले आणि त्याला स्टिअरिंग डावी-उजवीकडे, घड्याळात अकरा ते एक वाजेपर्यंत काटा फिरेल एवढेच, भरभर हलवत राहायला सांगितले. भार घेतलेल्या टायरला खालचा पृष्ठभाग धरून ठेवतो, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर ओढ आणि दाब आलटून पालटून येतात आणि ढिला सांधा स्वतःला लपवू शकत नाही. तपासनीसांनी आधी स्वतः पाहिले आणि मग माझा हात धरून डाव्या बाहेरच्या टाय रॉड एंडवर ठेवला, असा की अंगठा दांड्यावर आणि बोटे नकलच्या (चाक ज्यावर बसते आणि ज्याच्यासह वळते त्या धातूच्या भागाच्या) बाहूवर. काहीच जाणवले नाही. दांडा आणि बाहू एकाच वस्तूसारखे एकत्र हलत होते. उजवीकडेही बाहेरच्या टाय रॉड एंडला तसेच. म्हणजे जो भाग बदलण्याचा सल्ला मला मिळाला होता तो दोन्ही बाजूंनी धडधाकट होता, त्याचे रबरी टोपणही फाटलेले नव्हते.

मग त्यांनी माझा हात उजव्या रॅक बूटवर, म्हणजे रॅकच्या टोकाला असलेल्या रबरी घडीदार आवरणावर ठेवला आणि ते दोन बोटांत दाबून आतला गोलाकार सांधा पकडायला सांगितले. सहायकाने स्टिअरिंग हलवले आणि बोटांखाली स्पष्ट ‘टिक’ असा धक्का लागला. प्रत्येक दिशाबदलाला एक. डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, बूट फक्त हलकेच थरथरत होते. डावीकडच्या बूटवर हाच प्रयोग केला तेव्हा तिथे धक्क्याचा मागमूस नव्हता, आणि दोन्हींतला फरक इतका ठळक होता की त्यासाठी मेकॅनिक असण्याची मुळीच गरज नव्हती. चार महिने ज्या आवाजाची मी वर्णने करत होतो तो आता माझ्या दोन बोटांच्या मध्ये होता.

हा आतला सांधा, ज्याला गॅरेजमध्ये रॅक एंड म्हणतात, बहुतेक तपासण्यांत सुटतो, कारण तो झाकलेला असतो. बाहेरचा टाय रॉड एंड उघडा असतो, त्याला हात लावायला सोपे आणि तो विकायलाही सोपा. रॅक एंड साधारणपणे मरतो तो पाण्याने. तपासनीसांनी स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवायला लावले, तेव्हा ताणल्या गेलेल्या उजव्या बूटच्या घडीत एक बारीक चीर उघडली; स्टिअरिंग सरळ असताना ती घडीच्या आत मिटून राहत होती आणि वरून बूट नवे असल्यासारखे दिसत होते. त्यांनी माझी परवानगी घेऊन बूटची बाहेरची क्लिप सोडवली आणि बूट मागे सरकवले. आत ग्रीसच्या जागी तांबूस चिखल होता. विजेच्या मदतीच्या स्टिअरिंगमध्ये बूटमध्ये पाणी आणि गंज सापडतो. तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगमध्ये बूटमध्ये तेल साठलेले मिळाले तर ती रॅकचे सील फुटल्याची खूण असते आणि मग खर्च फार वेगळ्या पायरीवर जातो. दोन्ही प्रकारांत बूट फक्त वरून पुसून पाहणे उपयोगाचे नाही.

त्यानंतरच्या टप्प्यात चाके अधांतरी करण्यात आली, आणि या टप्प्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण इथे जॅक कुठे लावला यावर निष्कर्ष पालटतो. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या गाडीत बॉडीचा भार स्प्रिंग आणि स्ट्रटमधून थेट नकलवर येतो, खालचा बॉल जॉइंट तो भार वाहत नाही. म्हणून गाडी बॉडीच्या ठरलेल्या जागी उचलून चाक लोंबते ठेवले तरी त्या जॉइंटची ढिलाई तपासता येते. ज्या गाड्यांत चाकाला धरणारे वर-खाली दोन आर्म असतात आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, त्या गाड्यांत मात्र चाक असे लोंबते ठेवले तर स्प्रिंग आर्मला खाली ढकलत राहते, बॉल जॉइंट ताणात राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो. तिथे जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून भार उतरवावा लागतो. कोणत्याही गाडीला एकाच ठिकाणी जॅक लावून ‘बॉल जॉइंट ठीक’ असे लिहून देणारी तपासणी मी पाहिलेली आहे. या सेवेत गाडीची रचना आधी पाहिली गेली आणि जॅक कुठे व का लावतो हे सांगितले गेले, याला मी सर्वांत जास्त गुण देतो.

चाक अधांतरी झाल्यावर ते दोन पद्धतींनी हलवले गेले. दोन्ही हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी धरून आडवे हलवल्यास टाय रॉड आणि रॅकची ढिलाई कळते. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यास बॉल जॉइंट आणि चाकाच्या बेअरिंगची. उजवे चाक आडवे हलवताच तोच ‘टिक’ आला, आणि दुसऱ्या माणसाने उजवे बूट धरले असता त्याच्या हातालाही तो लागला. डाव्या चाकाला मात्र उभ्या दिशेने अगदी किंचित हालचाल होती. इथे तपासनीसांनी सहायकाला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले, हालचाल गेली. ब्रेक दाबला की पॅड डिस्कला धरतात, हब (चाकाचा मधला फिरता भाग) नकलशी जखडला जातो आणि बेअरिंगची ढिलाई झाकली जाते, पण बॉल जॉइंटची ढिलाई तशीच राहते. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर जी हालचाल नाहीशी झाली ती बेअरिंगची होती. ही युक्ती नवीन नाही, प्रत्येक जुन्या मेकॅनिकला ती ठाऊक असते. ती वापरायला दोन माणसे आणि अर्धा मिनिट लागतो, एवढ्यासाठीच बहुधा वापरली जात नाही, आणि बॉल जॉइंट बदलूनही आवाज तसाच राहिल्याच्या तक्रारी जन्माला येतात.

खालचा बॉल जॉइंट त्यांनी आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून उचलून पाहिला. इथे माझी दुसरी तक्रार आहे. भिंतीवर चुंबकी पायाचा डायल गेज, म्हणजे सूक्ष्म हालचाल मोजणारे काट्याचे उपकरण, टांगलेला होता, आणि तो वापरला गेला तो मी विचारल्यावर. अनेक निर्माते मॅकफर्सन रचनेतील या जॉइंटला हाताला जाणवेल इतकीही ढिलाई मान्य करत नाहीत, त्यामुळे हाताचा अंदाज पुष्कळदा पुरेसा असतो हे खरे. पण ज्या सेवेचा सगळा व्यवसाय तपासणीचा आहे, तिने हाताने मोजलेल्या गोष्टीला आकडा जोडायलाच हवा. हाताचा अनुभव माणसागणिक बदलतो, आणि सहा महिन्यांनी तीच गाडी दुसऱ्या तपासनीसाकडे गेली तर तुलना कशाशी करायची? काही जुन्या रचनांमध्ये बॉल जॉइंटलाच झिजेची खूण दिलेली असे: ग्रीस निपलभोवतीचा उंचवटा नवा असताना सुमारे 1.27 मिलिमीटर बाहेर असतो आणि सांधा झिजत जाईल तसा आत जातो, आणि तो पृष्ठभागाशी सपाट झाला की जॉइंट बदलायचा. ती खूण मात्र गाडीचा भार चाकांवर असतानाच वाचायची असते, नाहीतर ती फसवते. माझ्या गाडीला अशी सोय नाही, बहुतेक आधुनिक गाड्यांना नसते.

स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या युनिव्हर्सल जॉइंटची तपासणी पटकन झाली आणि ती तशी पटकन होण्यासारखीच होती. दोन्ही जोखडांवर बोटे ठेवून स्टिअरिंग हलवले, जोखडे एकत्र हलली, स्प्लाइनमध्ये (दांड्याच्या खाचांच्या जोडात) मोकळेपणा नव्हता, बोल्ट घट्ट होता. हा जॉइंट गंजून जड झाला तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलके लागते, ही ओळख त्यांनी सांगितली. माझ्या गाडीला ते लक्षण नव्हते. विजेच्या मदतीची यंत्रणा स्कॅनर लावून पाहिली, दोषाची कोणतीही नोंद साठलेली नव्हती, बॅटरीचा दाब योग्य होता. मदतीची मोटर बॅटरीवर चालते, त्यामुळे बॅटरी अशक्त असेल तर स्टिअरिंग जड होते आणि लोक उगीच रॅकला दोष देतात, एवढीच एक गोष्ट या भागातली लिहून ठेवण्यासारखी.

स्ट्रटच्या वरच्या टोकाला असलेले बेअरिंग मात्र मी आठवण करून देईपर्यंत पाहिले गेले नाही, आणि ही चूक मला खटकली. वळवल्यावर स्ट्रट आणि स्प्रिंग या बेअरिंगवर फिरतात. ते अडकले तर स्प्रिंग पिळली जाते आणि अचानक सुटते, तारेला छेडल्यासारखा आवाज येतो आणि वळणानंतर स्टिअरिंग मध्यावर यायला कुरकुर करते. तपासण्यासाठी स्प्रिंगवर तळहात ठेवायचा आणि दुसऱ्याने गाडी उभी असताना स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. स्प्रिंग सलग फिरली पाहिजे, झटक्याझटक्याने नव्हे. माझ्या गाडीचे दोन्ही बेअरिंग चांगले निघाले. तपासनीसांनी चूक मान्य केली आणि आपल्या छापील तक्त्यात ही ओळ नाही असे सांगितले. तक्ता बदलावा, अशी माझी त्यांना सूचना आहे, कारण स्टिअरिंग मध्यावर न येण्याच्या तक्रारीत पहिले पाहायची जागा तीच असते. तेच लक्षण रॅकला पिनियनवर दाबून धरणारी दाब-नट कोणी जरुरीपेक्षा जास्त आवळली तरी दिसते. रॅक मधोमध सर्वांत जास्त वापरली जाते म्हणून मधोमध जास्त झिजते. तिथली ढिलाई घालवण्याच्या नादात नट आवळली की दोन्ही टोकांना, जिथे झीज नसते, स्टिअरिंग अडकू लागते. ‘रॅक टाइट करून देतो’ हे वाक्य ऐकू आले तर म्हणून सावध राहावे.

अहवाल दोन पानांचा मिळाला. प्रत्येक भागापुढे ‘ठीक’, ‘लक्ष ठेवा’, ‘बदला’ यांपैकी एक शब्द आणि उजव्या रॅक एंडच्या बूटमधल्या चिखलाचे छायाचित्र. ‘बदला’ हा शब्द संपूर्ण अहवालात एकदाच होता, उजव्या रॅक एंडपुढे, आणि त्यासोबत दोन्ही बूट. डाव्या चाकाच्या बेअरिंगपुढे ‘लक्ष ठेवा’. अहवालाची मला आवडलेली गोष्ट ही की जे भाग चांगले आहेत त्यांचीही नावे त्यात होती. बाहेरचे टाय रॉड एंड, दोन्ही लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक, रॅक ज्यांवर बसते ते रबरी बुश. न बदलायच्या वस्तूंची यादी मालकाच्या हातात असणे हे दुरुस्तीच्या वेळी फार उपयोगी पडते. न आवडलेली गोष्ट वर आलीच आहे: 11 मिलिमीटरच्या त्या एका मोजमापाखेरीज अहवालात आकडा नव्हता, डायल गेजचे वाचनही माझ्या आग्रहाने हाताने लिहून दिले गेले.

दुरुस्ती मी दुसरीकडे करून घेतली. दोन्ही बाजूंचे रॅक एंड जोडीने बदलायचे की फक्त उजवे, यावर अहवालात मत नव्हते. मी विचारल्यावर ‘डावा चांगला आहे, बदलू नका, बूट मात्र दोन्ही नवी घाला’ असे तोंडी उत्तर मिळाले आणि मी तसेच केले. काम करणाऱ्याने बाहेरचा टाय रॉड एंड काढताना हातोडीऐवजी पुलर वापरला, त्यामुळे चांगल्या सांध्याचे रबर वाचले. काट्यासारखे पाचर ठोकून सांधा सोडवण्याची पद्धत जलद असते, पण ती बहुतेकदा रबर फाडते, आणि परत बसवायच्या सांध्यासाठी ती वापरू नये. टाय रॉड किती आटे आत होता हे मोजून नव्या दांड्यावर तेवढेच आटे ठेवले होते, म्हणजे अलाइनमेंटच्या यंत्रापर्यंत गाडी निदान सरळ जाईल.

दुसरी खेप अलाइनमेंटनंतर होती. या खेपेसाठी मला नऊ दिवस थांबावे लागले. एकच तपासनीस आणि एकच लिफ्ट असल्यामुळे वेळ मिळत नाही, आणि स्टिअरिंगचा दोष घेऊन नऊ दिवस थांबायला लागणे हे सोयीचे नाही. पहिल्या खेपेला रॅक एंडची ढिलाई इतकी होती की दुरुस्तीपर्यंत वेगात गाडी चालवू नका असे त्यांनी लेखी बजावले होते, तेव्हा फेरतपासणीसाठी त्यांनी थोडा वेळ राखून ठेवायला हवा. तपासणी मात्र पहिल्याइतकीच नेटाने झाली. उजव्या बूटखाली बोटे ठेवली आणि स्टिअरिंग हलवले, काही नाही. मोकळी चाल 9 मिलिमीटर भरली, म्हणजे पूर्वीपेक्षा अवघी 2 मिलिमीटर कमी, आणि गाडी मात्र हातात पूर्णपणे वेगळी लागत होती.

या दुसऱ्या खेपेत एक नवा दोष सापडला आणि तो दुरुस्तीचा होता, झिजेचा नव्हे. उजव्या टाय रॉड एंडच्या कॅसल नटची (वर खाचा असलेल्या, पिनने अडवायच्या नटची) खाच आणि स्टडमधले (सांध्याच्या आटेदार खिळ्यातले) छिद्र जुळत नव्हते म्हणून बसवणाऱ्याने नट थोडी सैल करून पिन घातलेली होती. अशा वेळी नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायची असते, मागे कधीच फिरवायची नसते, कारण निमुळता स्टड घट्ट बसून राहतो तो नटच्या ओढीमुळे. नट सैल राहिली की स्टड आपल्या भोकात सूक्ष्म हलतो, भोक मोठे करतो आणि मग नवा सांधा घालूनही उपयोग होत नाही, नकलच बदलावा लागतो. पिन जागेवर होती, दिसायला सगळे व्यवस्थित होते. तपासनीसांनी नटवर टॉर्क पान्हा लावला तेव्हा ती फिरली. मी स्वतः गाडीखाली वाकून पाहिले असते तर पिन पाहून समाधानाने उठलो असतो. ही नट त्यांनी स्वतः आवळून दिली नाही, नियमाप्रमाणे आपण दुरुस्ती करत नाही असे सांगितले आणि अहवालावर लाल शाईने लिहून मला त्याच दिवशी परत पाठवले. त्या क्षणी मला ते अतिरेकी वाटले. एक नट आवळायला दोन मिनिटे लागली असती.

ही सेवा कोणासाठी आहे, याबद्दल. जुनी गाडी विकत घेण्यापूर्वी, किंवा अलाइनमेंट वारंवार बिघडत असताना, किंवा मोठ्या यादीचा सल्ला मिळाल्यावर दुसरे मत हवे असताना ती उपयोगी आहे. ट्रक किंवा जड वाहनांसाठी मात्र त्यांच्याकडे सोय नाही. तिथे किंग पिन आणि त्याचे बुश, ड्रॅग लिंक, पिटमन आर्म हे वेगळे प्रकरण असते आणि ॲक्सलखाली जॅक लावून टायरखाली लांब पहार घालण्याइतकी जागा या जागेत नाही. ज्याला एकाच ठिकाणी तपासणी, दुरुस्ती आणि अलाइनमेंट उरकायचे आहे, त्याला तीन ठिकाणी गाडी नेण्याचा कंटाळा येईल, मलाही आला.

लाल शाईचा तो अहवाल घेऊन मी दुरुस्ती करणाऱ्याकडे परत गेलो. त्याने वाद घातला नाही, पिन काढली, नट पुढच्या खाचेपर्यंत आवळली, नवी पिन घालून तिचे पाय नीट दुमडले आणि टाय रॉडच्या लॉक नटवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढली, म्हणजे ती नट पुढे जरा जरी फिरली तरी रेघ तुटलेली दिसेल. डाव्या चाकाच्या बेअरिंगसाठी मी सहा महिन्यांनंतरची वेळ आताच मागून ठेवली आहे.